एक्समसमधला एक्स ही फुली नाही: तो वाचायचा कसा, छापायचा कुठे आणि घरच्या मोठ्यांना सांगायचा कसा

डिसेंबर लागला की आमच्या वेंगुर्ल्यातल्या छपाईच्या दुकानात मान वर करायला फुरसत नसते, एकीकडे लग्नपत्रिका, दुसरीकडे जत्रांचे नी दशावतारी नाटकांचे बॅनर, आणि या सगळ्याच्या मधे नाताळ. चार वर्षांपूर्वी अशाच गडबडीत एका वाडीतल्या पोरांनी १० बाय ४ चा फ्लेक्स सांगितला, मजकूर इंग्रजीत, 'मेरी एक्समस', म्हणजे ख्रिसमसचं एक्सने सुरू होणारं छोटं रूप. मी तो एक्स मोठ्ठा घेतला, लाल रंगात, ब्रशने ओढल्यासारखा, म्हटलं लांबून उठून दिसेल. फ्लेक्स लागला आणि संध्याकाळी त्याच वाडीतली एक वयस्कर मावशी दुकानात आली, ओरडली नाही, भांडली नाही, फक्त म्हणाली, "बाबा, देवाच्या नावार फुली कित्याक मारलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच रात्री पूर्ण स्पेलिंग घालून दुसरा फ्लेक्स काढला, स्वतः जाऊन बांधून आलो, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. शाळेत चुकलेल्या गणितावर फुली, रद्द केलेल्या पावतीवर फुली, आपल्याकडे फुली म्हणजे 'हे नको' किंवा 'हे चुकलं', मग ती ख्रिस्ताच्या नावावर कशी काय? आमच्या शेजारचे काका ३० वर्षं बोटीवर होते, त्यांना विचारलं तर ते म्हणाले अरे ग्रीसच्या पिरेअस बंदरात चर्चमधे जायचो तेव्हा येशूच्या चित्राच्या डोक्यापाशी दोन्ही बाजूंना अक्षरं असायची, त्यात हा एक्स असायचाच. म्हणजे ज्यांच्या भाषेत बायबलचा नवा करार पहिल्यांदा लिहिला गेला ती माणसं देवाच्या चित्रावरच एक्स लिहितात! तिथून मी वाचायला लागलो, फादरना विचारलं, आणि जे कळलं ते इथे नीट लिहून ठेवतोय, कारण दर डिसेंबरला कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतंच आणि अर्धवट उत्तरं देणारेही बरेच असतात.

आधी अक्षर ओळखा

एक कागद घ्या आणि त्यावर इंग्रजी एक्स काढा. आता हा एक्स आहे हे विसरा. ग्रीक लिपीत हुबेहूब याच आकाराचं एक अक्षर आहे, त्याचं नाव 'खी', आणि जुन्या ग्रीकमधे त्याचा उच्चार होता आपला 'ख'. महाप्राण ख, खजिन्यातला ख. (नंतरच्या ग्रीकमधे तो थोडा घशात घासून यायला लागला, पण कुटुंब तेच.) येशूला ग्रीकमधे जी पदवी आहे 'ख्रिस्तोस', ती लिहायला ७ अक्षरं लागतात, खी, ऱ्हो, योटा, सिग्मा, ताफ, ओमिक्रॉन आणि परत सिग्मा. त्यातलं पहिलं अक्षर खी, म्हणजे आपल्या डोळ्यांना एक्स. एक्समसमधला एक्स तो हा. नाव खोडलेलं नाहीये, नावाचं पहिलं अक्षर ठेवलंय.

मला यात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट अशी की मराठी माणसाला हे इंग्रजांपेक्षा लवकर कळायला हवं. रोमन लोकांकडे 'ख' साठी अक्षर नव्हतं म्हणून त्यांनी सी आणि एच जोडून काम भागवलं, इंग्रजीत तेच आलं, आणि इंग्रज माणूस वाचतो मात्र 'क्राइस्ट', ख गेला कुठे कळत नाही. आपल्याकडे ख आहे, वेगळा आहे, आणि आपण मराठीत 'ख्रिस्त' लिहितो तेव्हा तो 'ख' म्हणजे थेट ग्रीक खीच. तेव्हा मावशीला (नंतर) मी जे सांगितलं ते एका वाक्यात हेच होतं की मावशी, ही फुली नाय, हा ग्रीक लोकांचा 'ख' आहे, ख्रिस्तातला ख.

मग इंग्रजीत हाच आकार 'क्स' का वाचतात? कारण फार जुन्या काळात ग्रीसच्या वेगवेगळ्या भागांत लिपी थोडी थोडी वेगळी होती, पूर्वेकडे हा आकार 'ख' साठी वापरायचे आणि पश्चिमेकडच्या वळणात 'क्स' साठी. रोमन लिपीकडे पश्चिमेकडचं वळण पोचलं, आणि ग्रीसमधे पुढे पूर्वेकडचं वळण सगळीकडे रूढ झालं. आकार एक, आवाज दोन. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, 'चार' मधला च आणि 'चाक' मधला च मोठ्याने म्हणून बघा, अक्षर एकच आहे ना?

आणि आमच्या किनाऱ्यावर तर याचा तिसरा आवाज पण आहे. गोव्यात आणि इकडे सीमेच्या आसपास रोमी लिपीतून कोंकणी वाचणारी बरीच माणसं आहेत, त्यांच्या प्रार्थनेची पुस्तकं रोमी लिपीत असतात, आणि रोमी कोंकणीत एक्स म्हणजे 'श'. हे पोर्तुगीज वळण. जुन्या गोव्यात ३ डिसेंबरला ज्या संताचं फेस्त असतं त्या झेवियरच्या नावातला एक्स पोर्तुगीज माणूस 'श' असाच म्हणतो. बरेच जण मला विचारतात की झेवियरमधला एक्स आणि एक्समसमधला एक्स एकच का, तर नाही, झेवियर हे स्पेनमधल्या नव्हारा भागातल्या एका गढीचं नाव, मूळ बास्क भाषेतलं, अर्थ 'नवं घर', त्याचा ख्रिस्त या शब्दाशी काही संबंध नाही. म्हणजे एकाच किनाऱ्यावर एक्स इंग्रजी शाळेत 'क्स', कोंकणी प्रार्थनेत 'श' आणि नाताळच्या कार्डावर 'ख'. गोंधळ होणारच, त्यात मावशीची चूक काहीच नव्हती.

त्या शब्दाचा अर्थ पण माहीत असू दे

ख्रिस्त हे येशूचं आडनाव नाही. ख्रिस्तोस म्हणजे अभिषेक झालेला, ज्याच्या डोक्यावर तेल ओतून त्याला देवाच्या कामासाठी नेमलंय असा. हिब्रूमधे यालाच 'माशिआख' म्हणतात आणि आपल्या कानावरून गेलेला 'मसीहा' शब्द त्याच मुळाचा. आपल्याकडे अभिषेक म्हटलं की दूध, पंचामृत डोळ्यापुढे येतं, तिकडे ऑलिव्हचं तेल. कॅथलिक लोकांत बाप्तिस्म्याला आणि दृढीकरणाला जे पवित्र तेल लावतात त्याला 'ख्रिस्मा' म्हणतात, ते बिशप ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, आशीर्वादित करतात, तो शब्द पण याच घरातला. म्हणून खी या एका अक्षरात 'अभिषिक्त' एवढा सगळा अर्थ येऊन बसतो.

अक्षर लहान केलं म्हणजे मान कमी केला का?

हा खरा दुखरा भाग आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

ख्रिस्ती धर्माच्या अगदी सुरुवातीच्या हस्तलिखितांत, दुसऱ्या-तिसऱ्या शतकापासूनच, एक ठाम पद्धत दिसते. देव, प्रभू, येशू, ख्रिस्त हे चार शब्द आले की लिहिणारे ते पूर्ण लिहीत नसत, सहसा पहिलं आणि शेवटचं अक्षर लिहायचे आणि वर एक आडवी रेघ ओढायचे, आपल्या शिरोरेघेसारखी, पण फक्त त्या पवित्र शब्दांवर. ख्रिस्तोससाठी खी आणि सिग्मा. बाकीचे शब्द मात्र पूर्ण. म्हणजे जागा वाचवायची असती तर लांबलचक साधे शब्द आधी छोटे केले असते ना, त्यांनी नेमके देवाचेच केले, वाचणाऱ्याची नजर तिथे थबकावी म्हणून, हा शब्द इतरांसारखा नाही हे कळावं म्हणून. चौथ्या शतकातलं सायनायटिकस नावाचं बायबलचं प्रसिद्ध हस्तलिखित आहे, त्यातही हेच दिसतं. काकांनी पिरेअसला बघितलेली अक्षरं त्याच जातीची, येशू आणि ख्रिस्त या दोन्ही शब्दांचं पहिलं आणि शेवटचं अक्षर, फक्त तिथे सिग्मा गोल काढतात म्हणून तो इंग्रजी सी सारखा दिसतो.

आता आपल्याकडे या. लग्नपत्रिकेत मुलाच्या नावाआधी 'चि.' लिहितो, मुलीच्या आधी 'चि. सौ. कां.', कोणी त्याला चिरंजीव शब्दाची मोडतोड म्हणतं का? मुंबईला गिरणीत असलेला चाकरमानी गावी वडिलांना पत्र लिहायचा तेव्हा वर 'ती.' आणि मग 'शि. सा. न. वि. वि.', शिर साष्टांग नमस्कार विनंती विशेष, ५ शब्दांची ५ अक्षरं, आणि त्या ५ अक्षरांत जो मान होता तो पूर्ण लिहिलेल्या वाक्यातही आला नसता. माझ्या आजोबांची अशी पत्रं आमच्याकडे अजून आहेत. आणि हे बघा, आपण इतिहासातली तारीख लिहिताना 'इ.स.' लिहितो ते काय आहे? इसवी सन. इसवी म्हणजे ईसाचा, ईसा म्हणजे येशू. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळेच मराठी लोक इतिहासाच्या वहीत येशूचं नाव एका अक्षरात लिहीत आलेत आणि कोणाला कधी त्यात अपमान वाटला नाही, वाटायचं कारणही नव्हतं. मावशीला सगळ्यात जास्त पटलं ते हे 'इ.स.' चं उदाहरण. तुम्हाला कोणाला समजवायचं असेल तर ग्रीक नंतर, 'चि.' आणि 'इ.स.' आधी.

चर्चमधे हीच अक्षरं शोधायची कशी

पुस्तकातलं वाचून विश्वास बसत नाही, डोळ्याने बघितलं की बसतो, म्हणून पुढच्या वेळी चर्चमधे गेलात की हे बघा. एक, एक्सच्या मधोमध उभा इंग्रजी पी घुसवलाय असं चिन्ह, फादरच्या झग्यावर, वेदीच्या कापडावर किंवा मोठ्या मेणबत्तीवर बऱ्याचदा असतं. तो पी नाही, ती ग्रीक ऱ्हो, म्हणजे 'र'. खी आणि ऱ्हो, ख आणि र, आपण जोडाक्षर लिहितो तसं 'ख्र' एकात एक. इ.स. ३१२ मधे रोमजवळ मिल्व्हियन पुलाची लढाई झाली, सम्राट कॉन्स्टंटाइन जिंकला, लढाईआधी त्याने सैनिकांच्या ढालींवर ख्रिस्ताचं चिन्ह काढायला लावलं असं त्याच काळातल्या लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय, आणि पुढे हे 'ख्र' त्याच्या निशाणावर नी नाण्यांवर आलं. सम्राटाच्या निशाणावर जे अक्षर मिरवलं ते नाव पुसायला कसं असेल सांगा.

दुसरं, आय-एच-एस ही तीन अक्षरं. ही पण इंग्रजी नाहीत, ग्रीक 'इएसूस' म्हणजे येशू, त्याची पहिली तीन, योटा, एटा आणि सिग्मा. जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाने ही आपल्या मुद्रेवर घेतली. जुन्या गोव्यात बॉम जेझुस चर्चच्या दर्शनी भिंतीवर वर कोरलेली आहेत, वेंगुर्ल्यातून एका दिवसात जाऊन येता येतं, जाल तेव्हा मान वर करून बघाच.

आणि तिसरं आमच्या किनाऱ्याच्या माणसाला लगेच जवळचं वाटणारं, मासा. ग्रीकमधे माशाला 'इख्थीस' म्हणतात, ५ अक्षरं, आणि जुन्या ख्रिस्ती लोकांनी त्या ५ अक्षरांतून ५ शब्द काढले, येशू, ख्रिस्त, देवाचा, पुत्र, तारणारा. त्यातलं दुसरं अक्षर खी, तोच आपला एक्स. येशूचे पहिले शिष्य मासेमारी करणारे होते, जाळी टाकून त्याच्या मागे गेले, हे आमच्याकडे रापण ओढणाऱ्या कुठल्याही माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. एका गावच्या होडीच्या नाळेवर रंगवायला मी हा मासा काढून दिला होता, आत ती ५ ग्रीक अक्षरं, आणि त्या तांडेलाने (होडीच्या प्रमुखाने) प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून अर्थ विचारून घेतला, मगच रंगवायला नेला. मला तो दिवस फार आवडतो.

आता 'मस' आणि नाताळ

एक्स झाला, उरलं 'मस'. हा सोपा आहे कारण तो आपल्याकडे आहेच, मिस्सा. ख्रिसमस म्हणजे जुन्या इंग्रजीत 'ख्रिस्ताची मिस्सा'. लॅटिन उपासनेच्या शेवटी फादर म्हणायचे 'इते, मिस्सा एस्त', म्हणजे साधारण 'जा, आता निरोप', त्या मिस्सावरून अख्ख्या उपासनेला मिस्सा नाव पडलं, इंग्रजीत मास झालं, शब्दाच्या शेपटीला लागून मस झालं. साधारण इ.स. ११०० च्या सुमारास अँग्लो-सॅक्सन बखरीत हा शब्द खी-ऱ्हो घालून लिहिलेला सापडतो, पहिली दोन अक्षरं ग्रीक, पुढे 'एस' म्हणजे इंग्रजीतला षष्ठीचा प्रत्यय, आपला चा-ची-चे, आणि मग मिस्सा. लिहिणारे कोण, तर मठातले साधू. १५५१ च्या इंग्रजी लिखाणात एक्सने सुरू होणारं 'एक्सटेमस' सारखं रूप आहे, १८११ मधे लॉर्ड बायरनने पत्रात आजच्यासारखंच लिहिलंय. म्हणजे 'दुकानदारांनी सेल लावायला ख्रिस्ताचं नाव काढून टाकलं' असं जे दर डिसेंबरला फॉरवर्ड येतं ते काळाच्या हिशोबातच बसत नाही, दुकानांच्या सेलच्या कितीतरी शतकं आधी देवाची पुस्तकं हाताने उतरवणाऱ्यांनी ते अक्षर वापरलंय.

आपला शब्द मात्र वेगळ्या वाटेने आला. नाताळ हा पोर्तुगीज 'नाताल', मूळ लॅटिन, अर्थ जन्माचा. आमच्याकडे काजू ज्यांच्या बोटीतून आला, पाव, बटाटा, चावी, पगार, पाद्री हे शब्द ज्यांच्याकडून आले, त्यांच्याकडूनच नाताळ. वास्को द गामा हिंदुस्थानकडे निघाला असताना १४९७ च्या नाताळात आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून चालला होता म्हणून त्या किनाऱ्यालाच त्याने नाताल नाव दिलं, तेच दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ, आणि दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तो कालिकतला पोचला. वसई पोर्तुगीजांकडे गेल्याचा तह २३ डिसेंबर १५३४ चा, म्हणजे नाताळच्या दोन दिवस आधीचा. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पुढच्या वर्षी चौल-कोर्लई पण पोर्तुगीजांच्या हातून गेलं, पण कोर्लई गावात पोर्तुगीजमधून घडलेली बोली आजही बोलतात आणि 'नाताळ' शब्द तर साऱ्या मराठीचा होऊन बसला. येशूच्या नावाचं पण तसंच, पोर्तुगीज 'क्रिस्तो' वरून इकडे क्रिस्त आणि किरिस्तांव (म्हणजे ख्रिस्ती माणूस). १६१६ मधे फादर स्टीफन्स यांनी गोव्यात ओवीबद्ध मराठीत लिहिलेलं पुराण छापलं त्याच्या नावातही 'क्रिस्त'च आहे. 'क' आला पोर्तुगीजांच्या तोंडून आणि 'ख' ग्रीक मुळातून, दोन्ही बरोबर, चर्चच्या लोकांना जे सवयीचं ते लिहावं.

तर फरक एवढाच लक्षात ठेवा, ख्रिसमस शब्दात मिस्सा आहे आणि नाताळ शब्दात जन्म आहे.

मोठ्याने वाचताना

माईकवर, शाळेच्या कार्यक्रमात, कुठेही, लिहिलेलं असेल एक्समस तरी वाचायचं 'ख्रिसमस'. 'डॉ.' ला आपण डॉक्टर वाचतो, 'कि.मी.' ला किलोमीटर, 'रु.' ला रुपये, तसंच. एक्समस असं म्हणणारे खूप आहेत, इंग्रजी शब्दकोशांत तो उच्चारही दिलेला असतो, त्यांना भर सभेत टोकू नका, पण तुम्ही सूत्रसंचालन करत असाल तर ख्रिसमस किंवा सरळ नाताळ म्हणा, वयस्कर माणसांना बरं वाटतं.

छापताना आणि लिहिताना

हा भाग माझ्या धंद्याचा, म्हणून इथे जरा बारीक सांगतो.

मराठी बॅनरवर 'एक्समस' असं देवनागरीत लिहू नका, कृपा करून. ग्रीक खी रोमन लिपीत एक्स दिसतो म्हणून तिकडे त्याला अर्थ आहे, देवनागरीत 'एक्स' लिहिलं की तो अर्थ संपला, उरला फक्त आवाज. मराठीत नाताळ लिहा, किंवा ख्रिसमस लिहा. इंग्रजीत लिहायचं असेल तर मिस्सेचं वेळापत्रक, चर्चचं निमंत्रण, बिशपना द्यायचं पत्र, शाळेची नोटीस, इथे पूर्ण स्पेलिंग. बऱ्याच इंग्रजी वर्तमानपत्रांच्या शैलीपुस्तिकाही औपचारिक मजकुरात छोटं रूप टाळायला सांगतात. छोटं रूप ठेवा व्हॉट्सअपला, भेटवस्तूच्या चिठ्ठीला, कॅलेंडरच्या चौकोनाला, केकवर जागा नसेल तेव्हा.

एक्सच्या पुढे तो वरचा स्वल्पविराम टाकायची आपल्याकडे फार सवय आहे, तो नको. जुन्या लिखाणात कुठे कुठे आहे, पण आज गरज नाही, कारण एक्स अख्ख्या ख्रिस्ताच्या जागी उभा आहे, मधलं काही गळालेलं दाखवायचं नाहीये. मधे आडवी रेघ पण नको.

रंगाचं तर मी कधी विसरणार नाही, एक्स एकटा लाल करू नका. बाकी अक्षरं हिरवी किंवा सोनेरी आणि एक्स लाल, ब्रशने ओढलेला, म्हणजे तुम्ही अक्षर नाही काढलंत, फुली मारलीत. सगळी अक्षरं एका रंगात, एका फॉन्टमधे, एका उंचीची, आणि शक्यतो पायाला छोटी टोकं असलेला फॉन्ट घ्या, त्यात एक्सच्या एका रेघेला जाडी येते आणि दुसरी बारीक राहते, मग डोळा त्याला अक्षर म्हणूनच वाचतो. एक्सला टोपी घालणं, डोळे काढणं, सांताचे बूट लावणं, पोरं सांगतात करायला, मी आता नाही म्हणतो आणि का ते पण सांगतो, कोणी रागावत नाही.

'ख्र' चं चिन्ह टाकणार असाल तर ऱ्होचं पोट उजवीकडे आलं पाहिजे. टी-शर्टवर किंवा मगवर छपाई करताना फाईल मिरर करतो आपण, तिथे एखादा मिरर करायला विसरतो किंवा दोनदा करतो आणि चिन्ह उलटं छापून येतं, एक्स दोन्हीकडून सारखाच दिसतो त्यामुळे चटकन लक्षात येत नाही, पोटाकडेच बघायचं. बाजूला अल्फा आणि ओमेगा (ग्रीक लिपीतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर) असतील तर अल्फा डावीकडे. जुन्या मराठी फॉन्टमधे काम करणाऱ्यांनी मजकुरात इंग्रजी एक्स घातला की तेवढ्यापुरता फॉन्ट बदलायचा, नाहीतर त्या जागी भलतंच मराठी अक्षर उमटतं. आणि मोबाईलच्या ग्रीक कीबोर्डवरून खी टाईप करू नका इंग्रजी शब्दात, दिसायला सेम पण कॉम्प्युटरच्या लेखी ते वेगळं अक्षर, नंतर फाईल शोधाल तर सापडणार नाही.

कोणी दुखावलं तर

पहिलं म्हणजे वाद घालू नका. ज्या माणसाला देवाच्या नावावर फुली दिसली त्याला आधी दुखलंय, प्रश्न नंतर आलाय. मी पहिल्या वेळी गप्प राहिलो ते एका अर्थी बरं झालं. नंतर कागद घेऊन बसा, 'चि.' लिहा, 'इ.स.' लिहा, मग खी काढा, खाली ख लिहा, मग शेजारी ऱ्हो. पाच मिनिटं लागतात.

काही चुकीची उत्तरं देऊ नका. एक्स म्हणजे क्रूस असं बरेच प्रेमाने सांगतात, एक्सच्या आकाराचा क्रूस आहे खरा, तो संत आंद्रेचा मानतात, त्यांचं फेस्त ३० नोव्हेंबरला, पण एक्समसचा एक्स तिथून आलेला नाही. गणितातला एक्स पण नाही, अज्ञात संख्येला एक्स लिहायची रीत देकार्तच्या १६३७ च्या भूमितीपासून रुळली आणि १८९५ ला राँटगेनने त्याच 'माहीत नाही' या अर्थाने क्ष-किरणांना ते अक्षर दिलं. एक्समसचा एक्स त्या दोघांच्याही कितीतरी आधीचा, आणि तो अज्ञात तर अजिबात नाही, नाव माहीत आहे म्हणूनच पहिल्या अक्षरावर भागतं.

आणि सगळं समजावूनही समोरचं माणूस म्हणालं की मला पूर्ण नावच हवं, तर पूर्ण नाव लिहा. मावशीने सगळं ऐकलं, कागदावर स्वतः खी काढून बघितली, हसली, आणि म्हणाली, बरां आसा, पण माझ्या वाडीत पुरा लिव. मी पूर्ण लिहितो. त्या वाडीच्या बॅनरवर आता वर मोठ्या अक्षरात 'नाताळच्या शुभेच्छा' असतं आणि खाली उजव्या कोपऱ्यात, सोनेरी रंगात, छोटं 'ख्र', ते मात्र तिनेच सांगून घालून घेतलं. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याच्या पाटीवर पण तेच. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मधे कधीतरी येतो, त्याच्या आधी मजकूर पाठवलात तर प्रूफ दोनदा बघायला वेळ मिळतो, आणि ऱ्होचं पोट कुठल्या बाजूला आहे तेही.